हायपोकोलियसची हमी देऊ नका : कच्छच्या हिवाळी पक्षीसहली काढणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर आणि जिथून जिथून दर हिवाळ्यात कच्छला पक्षीसहली निघतात, तिथले सर्व आयोजक आणि सहलप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की कच्छच्या सहलींची पत्रके फिरू लागतात. चार रात्री, पाच दिवस, सोबत पंधरा-वीस पक्ष्यांची यादी आणि यादीच्या डोक्यावर ग्रे हायपोकोलियसचा फोटो. अलीकडे त्यातल्या बऱ्याच पत्रकांत 'हमखास दिसणार' असे छापलेले असते. आमची पहिली मागणी हीच की ही हमी काढून टाका. कच्छमध्ये डिसेंबर ते फेब्रुवारीत जे जे बिघडते, त्यातले निम्म्याहून अधिक या एका हमीपोटी बिघडते. हमी दिली की जीप झुडपाला भिडते, मोबाइलवर आवाज वाजवला जातो, पिलू नावाच्या एकाच झाडाभोवती चाळीस माणसे कोंडाळे करतात आणि चालक गुरांची वाट सोडून माळावर गाडी घालतो. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पैसे भरून आलेल्या माणसाला यादीतला पक्षी दाखवायचा असतो आणि हातात दोनच सकाळी असतात.

तुमच्यापैकी अनेकांनी शेकडो मराठी माणसांच्या हातात पहिल्यांदा दुर्बीण दिली आहे, म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहीत आहोत. तुमचे सहलप्रमुख जे सांगतात, ते लोक ऐकतात. त्यांनी काय सांगावे, याबद्दल आम्हाला नेमके काही म्हणायचे आहे.

कच्छ हा ४५,६७४ चौरस किलोमीटरचा, देशातला सर्वांत मोठा जिल्हा. कर्कवृत्त त्यातूनच जाते आणि उत्तरेला मोठ्या रणापलीकडे पाकिस्तानातला सिंध आहे. इराक-इराणकडचे आणि मध्य आशियातले कितीतरी पक्षी हिवाळ्यात जिथवर सरकतात, त्या पसाऱ्याची पूर्वेकडची किनार इथे येते. किनारीवर पक्षी थोडे असतात आणि तेही ठरावीक जागी. त्यामुळे कच्छमधला 'दुर्मीळ' पक्षी दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींशी वागण्याची रीत वेगळी. हायपोकोलियस जगाच्या हिशेबात धोक्यात नाही. भारतात तो दुर्मीळ आहे, कारण त्याचा मुलूख इथे संपतो. सोशिएबल लॅपविंग मात्र जगभरातच अतिसंकटग्रस्त आहे. माळढोकाचे तर आपण महाराष्ट्रातल्यांना कुणी सांगायला नको. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून तो कसा नाहीसा होत गेला, ते आपल्या डोळ्यांदेखत झाले. पहिल्या प्रकारात आपण पक्ष्याची सकाळ बिघडवतो. दुसऱ्या प्रकारात एकेका पक्ष्याचा जीव मोलाचा असतो. पत्रकात मात्र ही सगळी नावे एकाच रांगेत, एकाच टायपात छापलेली असतात.

आता हायपोकोलियसचे सविस्तर सांगतो, कारण सगळी गर्दी तिथेच होते.

हा पक्षी आपल्या कुळातला एकटाच. दुसरी भावंड-प्रजाती नाही. भुजच्या उत्तरेच्या बन्नी या गवताळ प्रदेशाच्या दक्षिण कडेला, फुलाय गावाच्या आसपास आणि छारी ढंढ या पाणथळीच्या वाटेवर जी पिलूची झुडपे आहेत, तिथे तो हिवाळा काढतो. पिलू म्हणजे मिसवाकाचे झाड. कच्छी माणूस त्याला खारी जार म्हणतो. त्याची वाटाण्याहून लहान, गुलाबी-लाल फळे हे हायपोकोलियसचे मुख्य अन्न. फळ कुठल्या झुडपांना किती धरले आहे यावर त्या वर्षी पक्षी कुठे सापडेल हे ठरते. म्हणून गेल्या वर्षीचे जीपीएस टिपण घेऊन थेट तिथेच जाण्यात अर्थ नसतो. पाऊस कमी झाला, फळ आले नाही, तर त्या टापूत पक्षी नसतो किंवा एखाद-दुसराच असतो. सहलप्रमुखाने आदल्या दिवशी दुपारी, म्हणजे पक्षी झुडपात शांत बसलेले असताना, स्थानिक वाटाड्याबरोबर लांबून फळ पाहून यावे. पिकलेली फळे आणि झुडपाखाली ताजी, बी असलेली विष्ठा दिसली तर दुसऱ्या दिवशीची जागा ठरली.

वेळेचे गणित चुकते ते असे. भुज देशाच्या पश्चिम टोकाला असल्याने जानेवारीत तिथे सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो. आपली मंडळी सहा वाजता नाश्ता करून निघतात आणि आठ-सव्वाआठला पोचतात. तोवर मुख्य वेळ गेलेली असते. रात्री एकत्र झोपलेले हायपोकोलियस पहिल्या उन्हाला खायच्या झुडपांकडे येतात, शेंड्यावर किंवा बाहेरच्या फांदीवर थोडा वेळ ऊन खात बसतात आणि मग आत शिरतात. एकदा आत गेले की हिरव्या पानांत राखाडी पक्षी दिसणे कठीण. मग सुरू होते ती शोधाशोध आणि त्यातून हाकलाहाकली. हे टाळायचे तर सात वाजता गाड्या जागेवर, इंजिन बंद, दिवे बंद. गाड्या झुडपापासून किमान शंभर पावलांवर, पूर्वेच्या बाजूला, म्हणजे ऊन पाठीशी येते आणि पक्ष्याच्या अंगावर पडते. माणसे गाडीतच. चहाचा थर्मास गाडीत ठेवा, नाश्ता साडेनऊला. हिवाळ्यात कच्छमधले नलिया हे गुजरातमधल्या सर्वांत थंड ठिकाणांपैकी एक आहे आणि बन्नीतली पहाटही बोचरी असते. हातमोजे, कानटोपी सांगून आणायला लावा. कुडकुडणारा माणूस गाडीतून उतरून येरझाऱ्या घालतो आणि त्याचा उपद्रव आवाजाइतकाच असतो.

झुडपाला वेढा घालू नका. सगळे एकाच बाजूला राहिले तर पक्षी पलीकडच्या बाजूने बाहेर पडून पुन्हा तिथेच येऊ शकतो. चारी बाजूंनी माणसे उभी राहिली की तो टापू सोडतो. एकदा उडवला तर तो पुढच्या झुडपात जातो, दुसऱ्यांदा उडवला तर त्याच्याही पुढे, आणि तिसऱ्यांदा तो त्या सकाळपुरता तिथून गेलेला असतो. थंड रात्रीनंतर पोट भरण्याची वेळ तीच. पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या सहलीला रिकामे झुडूप मिळते आणि त्यांचा चालक आणखी आतली झुडपे शोधायला निघतो. यावर आमचा आग्रह साधा आहे: पहिल्यांदा उडाला की थांबा. दहा मिनिटे कुणी हलू नये. परत आला तर पाहा. नाही आला तर त्या झुडपाचा नाद सोडा.

ओळखीतही गफलत होते. नर हायपोकोलियस म्हणून दाखवले गेलेले फोटो अनेकदा मोठ्या राखी खाटकाचे, म्हणजे ग्रेट ग्रे श्राइकचे निघतात. दोघेही राखाडी, दोघांनाही काळी पट्टी, दोघेही झुडपाच्या शेंड्यावर बसणारे. फरक पाहायचा तो चोचीत आणि शेपटीत. खाटकाची चोच जाड, टोकाला आकडा. पट्टी डोळ्यामागे थोड्या अंतरावर संपते. शेपटी काळी आणि कडेला पांढरी. हायपोकोलियस नराची काळी पट्टी मानेमागे वळून जाते, शेपटी राखाडी आणि फक्त टोक काळे. उडाला की पंखांची टोके पांढरी चमकतात. खाटकाचा पांढरा ठिपका पंखाच्या मध्याकडे असतो. मादीला पट्टी नसते. ती नुसती मातकट राखाडी, गळा फिकट, शेपटीचे टोक मळकट गडद, आणि ती पाहताना घाईने बुलबुल किंवा सातभाई ठरवली जाते. तिची लांब शेपटी, गुळगुळीत अंग आणि सरळ रेषेत वेगाने पंख मारत जाणे लक्षात ठेवले तर चूक होत नाही. उडतानाचा हललेला, धूसर फोटोही पुसून टाकू नका, असे सहभागींना सांगा. ओळख पटवायला बऱ्याचदा तोच उपयोगी पडतो.

आणि आवाज वाजवणे पूर्णपणे बंद. हिवाळ्यातला हायपोकोलियस वीण करत नसतो; ध्वनिमुद्रण लावून त्याला बाहेर काढण्यात त्याचा खायचा वेळ जातो, एवढेच घडते. व्हाइट-नेप्ड टिटच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे. तो पक्षी जगात फक्त भारतात आहे, संकटग्रस्त आहे, आणि कच्छच्या काटेरी वनातला बारमाही रहिवासी आहे. सुतारपक्ष्यांनी जुन्या झाडांत कोरून सोडलेल्या ढोल्यांवर त्याची वीण अवलंबून. रोज दोन-दोन गटांनी त्याच टापूत आवाज वाजवला तर तिथली जोडी मुळात अस्तित्वातच नसलेल्या प्रतिस्पर्ध्यामागे धावत राहते. त्याचा स्वतःचा आवाज ओळखायला शिकवा आणि बाभळीच्या रानात सकाळी आठ ते दहा गुपचूप चाला. मिश्र थव्यांत तो सापडतो. नाही सापडला तर नाही.

सोशिएबल लॅपविंगसाठी गवताकडे पाहायला शिकावे लागते. कझाकस्तानच्या स्टेपमध्ये वीण करणारा हा पक्षी हिवाळ्यात आपल्या वायव्य भागात थोड्या संख्येने येतो आणि त्याला हवे असते आखूड गवत किंवा कापणी झालेले शेत. बन्नीत ते आखूड गवत कुणामुळे असते? मालधाऱ्यांच्या गुरांमुळे. उंच गवतात आणि गांडो बावळच्या जाळीत लॅपविंग येत नाही. (गांडो बावळ म्हणजे आपल्याकडची वेडी बाभूळ, रण पुढे सरकू नये म्हणून वनखात्याने १९६०च्या दशकात ती बन्नीत मुद्दाम पेरली, आणि आता तिनेच गवताचा बराच भाग गिळला आहे.) तेव्हा फोटोत म्हैस आली म्हणून कुरकुरणाऱ्या सहभागींना हे समजावून सांगा. गुरे बाजूला करायला सांगणे, पाण्याच्या वाटेवर जीप लावणे, हाकारा करून कळप पांगवणे या गोष्टी तुमच्या सहलीत कुणी करता कामा नयेत.

लॅपविंगची ओळख: काळे पाय, डोक्यावर गडद टोपी आणि दोन्ही बाजूंच्या रुंद पांढऱ्या भुवया मानेमागे जुळून झालेला इंग्रजी व्ही. व्हाइट-टेल्ड लॅपविंगचे पाय लांब आणि पिवळे असतात आणि तो पाण्याच्या कडेला असतो, तिथेच निम्मा गोंधळ मिटतो. पायी जाऊ नका. जीप चाकोरीतूनच, सावकाश, तिरकी न्या. सरळ अंगावर येणाऱ्या गाडीला पक्षी लवकर बिचकतो. सगळ्या थव्याने खाणे थांबवून मान वर केली की तुम्ही फार जवळ आलात असे समजा आणि तिथेच थांबा, मागेही घेऊ नका. मोजणी तीनदा करा, कारण ढेकळांमागे बसलेले पक्षी पहिल्यांदा सुटतात. कुणाच्या पायात रंगीत कडी किंवा झेंडी दिसली तर कुठला पाय, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, वरून खाली रंगांचा क्रम आणि अक्षरे-अंक असल्यास ते, असे तिथल्या तिथे लिहा आणि मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. 'लाल-पांढरे काहीतरी होते' याचा कुणालाच उपयोग नाही.

बाकीच्यांचे थोडक्यात. क्रौंच आणि करकोचे संध्याकाळी छारी ढंढवर उतरतात तेव्हा त्यांच्या येण्याच्या रेषेखाली उभे राहू नका. बाजूला, झुडपांच्या आडोशाला थांबा, आणि अंधार पडल्यावर पाण्याकडे हेडलाइट टाकू नका. भट-तितर सकाळी पाण्यावर येतात, तेव्हा पाणी आणि मोकळा माळ यांच्या मध्ये गाडी लावली तर ते घिरट्या घालून तहानलेले परत जातात. सायक्स नाइटजार रात्री कच्च्या रस्त्यावर बसतो. त्याला शोधायला जाणारी गाडी ताशी वीस किलोमीटरच्या वर नको, नाही तर ज्याला पाहायला गेलो तोच चाकाखाली येतो. टॉर्च काही सेकंद, तोही बाजूने. स्टोलिझकाचा बुशचॅट विरळ झुडपांच्या सपाट वालुकामय माळावर असतो. छाती फुगवून अंग डावी-उजवीकडे डोलावतो ती त्याची खूण, पण ती पाहायला वेळ द्यावा लागतो. यादीवर खूण करून पुढे पळणाऱ्या सहलीला ती कधी दिसत नाही.

गरुडांची ओळख हा वेगळ्याच पत्राचा विषय आहे. एकच सांगतो, कारण पत्रकातल्या फोटोंतही ही चूक आढळते: स्टेप गरुडाच्या चोचीची पिवळी कड डोळ्याच्या मागच्या टोकापर्यंत जाते, टॉनी गरुडाची डोळ्याच्या मध्यापर्यंतच. पक्षी बाजूने बसलेला असेल तर हे वाचता येते. तसा फोटो नसेल तर 'गरुड, प्रजाती अनिश्चित' असे लिहिणे हीच चांगली नोंद.

माळढोकाबद्दल आमची भूमिका ठाम आहे. नलियाजवळचे अभयारण्य जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे आहे आणि पक्षी त्याबाहेरच्या माळांवर, शेतांत वावरतात. गेली काही वर्षे तिथे फक्त मोजक्या माद्या उरल्या आहेत. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही. डोळे डोक्याच्या कडेला असतात आणि अंग जड, त्यामुळे उडताना विजेची तार चुकवणे त्याला जमत नाही. तारा जमिनीखाली घेण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञ समिती नेमली. इतका वाद ज्या पक्ष्यापायी न्यायालयात चालतो, त्या पक्ष्याला आपल्या जीपने उडवून तारांच्या दिशेने घालवावे, हे आम्हाला असह्य वाटते. नलिया कार्यक्रमातून वगळा. तिथून जाताना डांबरी रस्त्यावरून एखादी मादी दिसली तर भाग्य. थांबू नका, उतरू नका, वाट वाकडी करू नका. तिलोर, म्हणजे मॅक्वीन्स बस्टर्ड, यालाही हाच नियम: रस्त्यावरून, गाडीतून, तो चालत असेल तोवरच. तो जमिनीला चिकटून बसला म्हणजे तो तुमच्यामुळे लपला आहे.

आता गाड्यांचे. बन्नी आणि रणकाठची जमीन फसवी. वरचा पापुद्रा वाळलेला, पांढरट, टणक वाटतो आणि खाली बोटभरावर ओला खारा चिखल असतो. रुळलेली चाकोरी सोडली की चाक रुतते. मग दुसरी गाडी ओढायला येते आणि तीही रुतते. ते निस्तरायला अर्धा दिवस जातो, पण तिथे पडलेले चर पुढच्या पावसापर्यंत राहतात. त्या चरांमधून पुढचा चालक जातो आणि नवी वाट तयार होते. मोकळ्या माळावर सांड्यांची बिळे असतात. हिवाळ्यात हा सरडा बिळातच पडून असतो आणि दुपारच्या उन्हातच बाहेर येतो. गाडीखाली बीळ ढासळले तर तो आत अडकतो, आणि त्याच्यावर जगणारे गरुड, बझार्ड पाहायला तर आपण आलेलो असतो. चालकाला लेखी सांगा: चाकोरी सोडायची नाही, ग्राहकाने कितीही सांगितले तरी. आणि त्याचे बक्षीस पक्ष्यांच्या संख्येवर ठरवू नका. सहलीच्या शेवटी 'तिलोर दाखवलास म्हणून हे वेगळे' असे पाचशे रुपये हातावर ठेवले की पुढच्या गटासाठी तो चालक माळावर गाडी घालणारच. वाटाड्याचा आणि चालकाचा दिवसाचा मोबदला आधी ठरवा, तो चांगला ठेवा आणि पक्षी दिसो न दिसो, तेवढाच द्या.

हा सीमाभाग आहे, हेही सहलीत सांगितले जात नाही असे दिसते. प्रत्येकाकडे मूळ ओळखपत्र आणि दोन झेरॉक्स हव्यात. मोबाइलमधला फोटो चौकीवर चालेलच असे नाही. छारी ढंढ हे संरक्षित क्षेत्र आहे, तिथे वनखात्याची परवानगी काढूनच जायचे. धोरडोकडे जाणाऱ्यांचा परवाना भिरंडियाराच्या चौकीवर लागतो. परदेशी नागरिकत्व असलेले कुणी सोबत असेल, मग ते आपल्याच नात्यातले अमेरिकेहून आलेले का असेना, तर आयोजकाने आधीच भुजला चौकशी करावी. चौकीवर पोचून विचारू नये. ड्रोन घरी ठेवायचा. विनापरवाना उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण बाळगणे गुन्हा आहे. गिर्यारोहकांकडे ते असते, त्यांना आधी विचारा. इंडिया ब्रिज, चौक्या, जवान आणि त्यांच्या गाड्या यांचे फोटो काढू नयेत. मोठी लेन्स लांबून काय दिसते याचा विचार करा, आणि जवानाने विचारले की लेन्स खाली करून शांतपणे फोटो दाखवा. हुज्जत घालणाऱ्या एका माणसामुळे सगळ्या गटाची सकाळ चौकीवर जाते, आणि पुढच्या गटांना त्या वाटेने सोडणे बंद होऊ शकते.

शेवटचा मोठा मुद्दा नोंदींचा. इतकी माणसे, इतके कॅमेरे दर हिवाळ्यात कच्छला जातात आणि त्या मानाने वापरता येईल अशी माहिती फार थोडी मागे उरते. का, ते सांगतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे दिवसाला एकच यादी. सकाळी भुजहून निघालो, फुलाय, छारी ढंढ, निरोणा करत रात्री परतलो, आणि ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, एकशे साठ किलोमीटरची एक यादी टाकली, तीही हॉटेलच्या खुणेवर. अशा यादीतून कुठला पक्षी कुठल्या अधिवासात होता हे कधीच कळत नाही. प्रत्येक जागेची वेगळी यादी करा. अधिवास बदलला की नवी यादी. पंधरा मिनिटांच्या छोट्या याद्या सर्वांत उपयोगाच्या. फिरतीची यादी आठ किलोमीटरच्या आत ठेवा. सहलीतल्या एकाला रोज हे काम वाटून द्या आणि त्याने यादी इतरांना शेअर करावी, म्हणजे एकाच थव्याच्या दहा वेगवेगळ्या मोजण्या येणार नाहीत.

दुसरी चूक, सामान्य पक्षी गाळणे. फक्त हायपोकोलियस आणि लॅपविंग नोंदवले आणि चंडोल, होले, बुलबुल सोडले, तर ती यादी अपूर्ण ठरते आणि विश्लेषणात बाजूला पडते. जो पक्षी शोधला आणि दिसला नाही, त्याचीही माहिती पूर्ण यादीतूनच मिळते. हायपोकोलियस न दिसलेल्या सकाळची पूर्ण यादी म्हणूनच जरूर टाका.

तिसरी, कॅमेऱ्याचे घड्याळ. बॅटरी काढून ठेवलेले किंवा परदेशी जाऊन आलेले कॅमेरे चुकीची तारीख दाखवतात. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी घड्याळे मोबाइलला जुळवावीत, दोन मिनिटांचे काम आहे. एक फोटो परिसरासहित घ्यावा: झुडूप कुठले, जमीन कशी, हे त्यात यावे. दुर्मीळ पक्षी नोंदवला की ईबर्डचे तपासनीस तपशील मागतात. तेव्हा 'शंभर टक्के तोच होता' हे उत्तर चालत नाही. पुस्तक उघडण्याआधी लिहून ठेवा: अंदाजे आकार, शेजारी बसलेल्या ओळखीच्या पक्ष्याशी तुलना, चोच, पाय, शेपटी, उडताना काय दिसले, आवाज कसा, ऊन कुठून होते, अंतर किती, किती वेळ पाहिला. आधी पुस्तक पाहिले की डोळा पुस्तकातले चित्र आठवतो आणि माणूस तेच पाहिले असे प्रामाणिकपणे लिहितो.

चौथी, जागेची वाच्यता. ईबर्ड काही संवेदनशील प्रजातींची जागा आपोआप झाकते, सगळ्यांची नाही. व्हॉट्सअॅपवर टाकलेले लोकेशन तर कुणीच झाकत नाही. विसाव्याला बसलेले घुबड, तिलोर, लॅपविंगचा थवा यांचे नेमके ठिकाण सहल संपेपर्यंत आणि त्यानंतरही हंगाम संपेपर्यंत गटांत टाकू नका. ईबर्डवरची यादी तोवर लपवून ठेवता येते आणि नंतर खुली करता येते. माहिती वाया जात नाही. फोटो टाकायचा तर 'कच्छ, जानेवारी' एवढे पुरे.

हे सगळे पाळायचे तर कार्यक्रम बदलावा लागेल, हे आम्हाला कळते. पाच दिवसांत अकरा ठिकाणे बसवली की प्रत्येक जागी घाई होणारच. आमच्या मते चार ठिकाणे पुरेत: पिलूचा टापू, छारी ढंढ, काटेरी वन आणि बन्नीचे आखूड गवत. मांडवीच्या बाजूला किनाऱ्यावर क्रॅब प्लोव्हर पाहायचा असेल तर तो वेगळा दिवस धरा. त्यासाठी भरतीचे वेळापत्रक पाहूनच निघायचे, कारण भरतीला पक्षी एका जागी गोळा होऊन विसावतात. एका गाडीत चालक-वाटाड्या सोडून चार माणसे, एका जागी दोनच गाड्या. दुसरी सहल आधी पोचली असेल तर तुम्ही दुसऱ्या जागी जा; त्यासाठी सहलप्रमुखांनी आदल्या रात्री एकमेकांशी फोनवर बोलून टापू वाटून घ्यावेत. हंगामात भुजमध्ये एकाच वेळी चार-पाच मराठी गट असतात, सगळे एकमेकांना ओळखतात, हे सहज जमण्यासारखे आहे. दुपारी बारा ते साडेतीन विश्रांती आणि याद्या पूर्ण करण्याची वेळ. एक सकाळ मुद्दाम मोकळी ठेवा, पाऊस-धुके-वारा यापैकी काही आडवे आले तर ती लागतेच.

खर्च वाढेल का? माणशी थोडा वाढेल, कारण गाडीत सहाऐवजी चार बसतील. ठिकाणे कमी झाल्याने डिझेल आणि धावपळ कमी होईल. आलेल्या माणसाला हायपोकोलियसची सात सेकंदांची पळती झलक मिळण्याऐवजी, तो फळ कसे तोडतो, कसे आख्खे गिळतो आणि शेंड्यावर बसून कशी साद घालतो, हे अर्धा तास पाहायला मिळण्याची शक्यता वाढेल. त्यासाठी माणसे पुन्हा येतात.

या हंगामाची पत्रके छापायला टाकण्याआधी आमची विनंती एवढीच. पक्ष्यांच्या यादीवरून हमी काढा आणि त्या जागी चार ओळी छापा: ध्वनिमुद्रण वाजवले जाणार नाही, गाडी चाकोरी सोडणार नाही, नलियाला थांबा नाही, पक्षी न दिसल्यास पैसे परत मिळणार नाहीत आणि त्यासाठी वाटाड्यावर दबाव आणू दिला जाणार नाही. आमच्याकडे दरवर्षी नवखी मंडळी विचारत येतात की कच्छला कुणाबरोबर जावे. ज्यांच्या पत्रकावर या चार ओळी असतील त्यांची नावे आम्ही त्यांना देऊ. आणि तुमच्या सहलप्रमुखांना ओळख, मोजणी किंवा ईबर्डच्या नोंदींबाबत काही शिकून घ्यायचे असेल, तर नोव्हेंबरात एखादा शनिवार-रविवार ठरवा. आम्ही येऊ, मानधन नको.

आपले,
कच्छच्या हिवाळी पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे काही मराठी पक्षीनिरीक्षक